बाबांचा आवाज आणि १.५२ व्होल्ट

३ मार्च
वीस तारखेला बाबांचं स्वरयंत्र काढणार. डॉक्टर म्हणाले, "विचार करून ठरवा." ठरवायला उरलंय काय, कपाळ!
त्यांच्या आवाजात तीनशे वाक्यं रेकॉर्ड केली, की कॉम्प्युटर तो आवाज शिकतो. मग ते टाईप करतील आणि त्यांच्याच आवाजात ऐकू येईल. आज चाळीस झाली. मध्येच म्हणाले, "'निळी छत्री कपाटात आहे.' अगं, आपल्याकडे निळी छत्री आहेच कुठे?" हसले. मग बराच वेळ खोकले.

५ मार्च
चाळीस वाक्यांवरून आवाज शिकायची चाचणी लावली. मशीन म्हणतं नऊ दिवस लागतील! जुनं धूड माझं. प्रोसेसरचा वेग वाढवायचा, तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. कमी पडलं तर मशीन बंद पडतं, जास्त झालं तर चिप मरते.
बाबा चाळीस वर्षं वायरमन. खुर्ची ओढून शेजारी बसले. "एकदम उडी मारू नकोस. एक पायरी चढ, तासभर जोर लावून बघ, तापमान लिहून ठेव. आणि आकडा आपण ठरवायचा. यंत्रावर सोडायचा नाही."

६ मार्च
१.२० व्होल्ट — बारा मिनिटांत निळा पडदा, मशीन बंद. १.२२ — चाळीस मिनिटं. १.२५ — तासभर टिकलं, ८१ अंश.
"इथेच थांब," बाबा म्हणाले.
मी कसली थांबते!

८ मार्च
"उरलेली वाचू का? आज घसा बरा आहे."
"थांबा हो बाबा! आधी मशीन नीट होऊ दे. उगाच घसा कशाला शिणवता?"
"बरं," म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

१० मार्च
वेग अजून चढवला. मशीन सुरूच होईना. सगळी सेटिंग पुसली, वेग नव्याने भरला. आता धावतंय, हूं नाही की चूं नाही! नाचावंसं वाटलं.

१२ मार्च
मेलं. मूळ वेगावरही पाच मिनिटं तग धरत नाही.
दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, व्होल्टेज ऑटोवर होतं. बोर्ड आपल्या मनानेच १.५२ देत होता." परवा सेटिंग पुसली, तेव्हाच ते ऑटोवर गेलं. वेग भरला, व्होल्टेज भरायला विसरले. वायरमनची मुलगी! नवी चिप अठराला येईल. बाबांना सांगायची हिंमत नाही.

१३ मार्च
बाबांना श्वास घेता येईना. ऑपरेशन उद्याच.
दवाखान्यात फोन तोंडासमोर धरला, "वाचा बाबा, जमतील तेवढी." ओठ हलले. नुसती हवा.
रेकॉर्डिंगला मशीन लागतच नव्हतं. फोन पुरला असता. तो पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होता. मूर्ख, मूर्ख मी!

१४ मार्च
झालं ऑपरेशन. बाबा आहेत.
पाच तारखेला लावलेली चाचणी हात न लावता सोडली असती, तर आज संपली असती.

२७ मार्च
नवी चिप. मूळ वेग, कशालाही हात लावला नाही. बरोबर नऊ दिवस लागले.
"निळी छत्री कपाटात आहे." पत्र्याच्या डब्यातून कुणीतरी बोलल्यासारखं. चाळीस वाक्यांत एवढंच जमणार. हा माझा बाप नाही. बाबा घरी आलेत, पलीकडच्या खोलीत आहेत; त्यांना ऐकवलं नाही.

२९ मार्च
त्यांनी ऐकलं होतं. भिंतीपलीकडून.
सकाळी पाटी माझ्यापुढे धरली: "तीनशे वाक्यं तू वाच. मी तुझ्या आवाजात बोलेन."
फोन समोर ठेवून बसले आहे. छत्रीचं वाक्य आलं. तोंडातून आवाज फुटेना.