‘कायम करा’चं बटण

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघेही बरे आहेत. आता तक्रार.

रविवारी, १० तारखेला, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली आणि लगेच आली. तेवढ्यात तुझ्या लाडक्या राउटरने, ज्याची लिनक्स प्रणाली तू स्वतः बांधलीस आणि जिचा पहिला बळी मी आहे, मी त्याला शिकवलेलं सगळं धुऊन टाकलं. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, खालच्या मजल्यावरच्या पियानो दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना दिलेली परवानगीही गेली.

फोनवर तू हसलीस. “मावशी, ‘कायम करा’ दाबलंच नाहीस तू!” वर प्रवचन: बदल आधी नुसते स्मरणात राहतात, बटण दाबल्यावरच चिपवर लिहिले जातात, सारखं लिहिलं तर चिप झिजते, काही चुकलंच तर बंद करून चालू केलं की पूर्ववत. पटलं. मूळ सेटिंग खाली शाबूत आणि माझे बदल वर वेगळे, हेही छान. पण बाई माझे, कॉन्व्हेंटात आम्हीसुद्धा आधी पेन्सिलीनेच लिहायचो. फरक इतकाच, की शाईने गिरवल्याशिवाय सिस्टर वही मिटू देत नसत. तुझं यंत्र मात्र मिठाची गुळणी धरून बसतं!

“एका पासवर्डसाठी एवढा थयथयाट?” म्हणालीस. मग ऐक.

त्या गृहस्थांनी गेल्या आठवड्यात मला एक प्रश्न विचारला होता. मी “रविवारी सांगते” म्हटलं होतं. रविवारी वीज आल्यावर थोड्या वेळाने ते दारात उभे. हातात माझा डबा, घासूनपुसून.

“उत्तर पोचलं,” म्हणाले.

“मी दिलंच कुठे?”

“वायफायवरून काढलंत मला. समजलो. मुलीकडे राहायला जाईन म्हणतो.”

“अहो, नाही म्हणायचं असतं तर तोंडाने म्हटलं असतं! आयुष्यभर टपाल कचेरी चालवली मी. नळ तोडावा तसं माणूस तोडेन होय?”

“मग?”

“मग काय मग? हो!”

डबा पडला. झाकण घरंगळत कपाटाखाली गेलं. ते काढायला दोघंही खाली वाकलो आणि हसता हसता उठताच येईना. एकमेकांना धरून उठलो एकदाचे.

हेच तुला फोनवर सांगायचं होतं, पण तू चिपच्या झिजेत रमलीस. आणि खरं सांगू, मलाही लाज वाटत होती. मला!

तर मागणी अशी: बदल कायम केलेले नसतील तोवर पानावर ठळक लाल पट्टी दिसली पाहिजे. ह्यांचं म्हणणं, पिवळीही चालेल. ह्यांना सगळंच चालतं. मला लालच हवी. दर वेळी राउटर विसरेल आणि लग्न ठरेल, असं थोडंच आहे!

माझं बटण मी काल दाबलं. महिन्याची नोटीस संपली की सोमवारी, १६ डिसेंबरला सकाळी अकराला, विवाह नोंदणी कार्यालयात दुसरं दाबायचं आहे, त्याला साक्षीदार लागतात. माझ्या बाजूने तूच.

लाल पट्टी करतेस की नाही, आणि येतेस की नाही, दोन्ही उत्तरं लेखी हवीत. फोन नको, तू किंचाळशील आणि मी रडेन.

तुझी,
आता कायम झालेली मावशी

मुदत: गुरुवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. सहा वाजून दहा मिनिटांनी आलेलं उत्तर स्वीकारलं जाणार नाही.