अगदी सरळ पन्हळ

१२ सप्टेंबर
आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा डाग आज परातीएवढा झाला. परवा ताटाएवढा होता. डॉक्टर आईला तपासायला आले आणि आईपेक्षा भिंतीकडेच जास्त वेळ बघत बसले. म्हणाले, एक्क्याऐंशी वर्षांची छाती, त्यात एकदा न्यूमोनिया होऊन गेलेला. खोली कोरडी करा, नाहीतर आजींना कोरड्या जागी हलवा.

दहा मिनिटांत धाकट्या भावाचा फोन. दादा, आईला माझ्याकडे पाठव, चौथा मजला आहे, भरपूर ऊन येतं, लिफ्ट आहे. त्याला कुणी कळवलं हे विचारायची गरज नव्हती. ही स्वयंपाकघरात एकाएकी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली होती.

धाकट्याचं गाव इथून सहा तासांवर. आई तिकडे गेली की गेलीच. वडील गेल्यापासून एकोणीस वर्षं ती माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहणार. शेवटी तह झाला. महिनाअखेरपर्यंत खोली कोरडी झाली तर आई इथे. नाहीतर तीस तारखेला सकाळी अकराला धाकटा गाडी घेऊन दारात.

अठरा दिवस आहेत. काम दोन दिवसांचं. उरलेल्या सोळा दिवसांत स्वयंपाकघराला रंगही काढून घेईन.

१३ सप्टेंबर
दुखणं सापडलं. मागच्या गल्लीत उभं राहून छपराची पन्हळ नीट पाहिली. वाकडी आहे. एका टोकाला, जिथून पाइप खाली येतो तिथे, चक्क चार बोटं खाली झुकली आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अठ्ठावीस वर्षं फोटोफ्रेमच्या दुकानात काढली आहेत. भिंतीवरची फ्रेम केसभर कलली तरी मला जेवण जात नाही. असल्या वाकड्या पन्हळीतून पाणी बाहेर सांडणार नाही तर काय होणार?

हिने मला न विचारता पत्रेवाल्याला बोलावलं. तो शिडी लावून वर गेला, दोन मिनिटांत खाली आला. दोन सांधे सुटलेत, पाला अडकलाय, तासाभराचं काम. मी वाकडेपणाचं विचारलं. तो हसला. म्हणाला, पाण्याला पाइपाकडे जायला उतार नको का? मी विचारलं, तुझ्याकडे पाणसळ आहे का? काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की वस्तू सरळ, एवढी साधी गोष्ट. नव्हती. ज्याच्याकडे पाणसळ नाही त्याच्याशी सरळ-वाकड्याची चर्चा काय करायची? परत पाठवला. शिडी मात्र दोन दिवसांसाठी ठेवून घेतली. त्याच्या लग्नाच्या फोटोची फ्रेम मीच केली होती, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.

ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी अजून नाचायला सुरुवातही केलेली नाही.

१४ सप्टेंबर
शिडी लावली. पाचव्या पायरीपर्यंत गेलो. खाली आलो. मला चक्कर येत नाही, उंचीबद्दल आदर आहे. उद्या.

१५ सप्टेंबर
दुकानात गर्दी.

१८ सप्टेंबर
सांध्यात भरायचं सीलंट आणलं. ट्यूबवर लिहिलंय, जागा पूर्ण कोरडी हवी. चार दिवस पाऊस. ऊन पडतं तेव्हा मी दुकानात असतो, दुकान बंद असतं तेव्हा पाऊस. इकडे आड, तिकडे विहीर. यात माझा काय दोष?

पत्रेवाल्याने शिडीसाठी निरोप पाठवला. उद्या देतो म्हणून कळवलं.

२० सप्टेंबर
आईचा पलंग भिंतीपासून दोन हात पुढे ओढला. डागाखाली तिने वाडगा ठेवला आहे आणि मी खोलीत गेलो की त्यावर पदर टाकते. म्हणजे मला थेंबाचा आवाज ऐकू येऊ नये. मला ऐकू येतो. ती खोकते तेव्हाही तोंडावर उशी धरते.

आज तिला सांगितलं, तू कुठेही जाणार नाहीस. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, धाकट्याकडेही ऊन चांगलं येतं म्हणे. मी विषय बदलला.

पलंगासमोर वडिलांचा फोटो. मी चौदाव्या वर्षी केलेली पहिली फ्रेम. डावा वरचा कोपरा जुळलेला नाही, फटीतून काडेपेटीची काडी सहज जाईल. शंभरदा म्हटलं, नवीन करून देतो. देत नाही.

२३ सप्टेंबर
झालं! दुकान बंद ठेवलं. ऊन होतं. सकाळी साडेसातला चढलो ते साडेचारला उतरलो. मध्ये एकदाही खाली बघितलं नाही. पाला काढला, सांध्यांत सीलंट ठासून भरलं आणि अकराच्या अकरा हुक काढून पाणसळ लावून पुन्हा ठोकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बुडबुडा मधोमध. मागच्या गल्लीतून बघितलं तर छपराला कुणी फ्रेम केल्यासारखं वाटतं.

सगळ्यांना बघायला बोलावलं. ही बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, अहो, आता पाणी कुठे जाणार? समजावून सांगितलं, पन्हळ सरळ असली की पाणी सगळीकडे समान पसरतं, कुठेही जोर येत नाही. ती आत निघून गेली. शहाण्याला शब्द पुरतो.

आई काठी टेकत दारापर्यंत आली. मान वर करून म्हणाली, छान झाली रे, अगदी सरळ. तिला कळतं.

२४ सप्टेंबर
दिवसभरात भिंतीतून एक थेंबही आत नाही. पाऊस नव्हता, ती गोष्ट वेगळी. धाकट्याला फोन करून काम फत्ते झाल्याचं कळवलं. तो म्हणाला, तरी तीस तारखेला एक चक्कर मारतो. मार. चहा पाजून परत पाठवीन.

२५ सप्टेंबर
थेंब नाही. आकाश निरभ्र. स्वयंपाकघराच्या रंगाचं शेडकार्ड आणलं.

२७ सप्टेंबर
दुपारी तासभर पाऊस. पन्हळ या टोकापासून त्या टोकापर्यंत काठोकाठ भरली. सांधे इतके पक्के बसले आहेत की एक थेंब गळला नाही. म्हणजे ते काम निर्दोष. मग भरलेलं पाणी मागच्या कडेवरून, सगळीकडे समान, भिंतीत उतरलं.

पूर्वी एक डाग होता. आता पूर्ण भिंत ओली आहे. ओलीची वरची रेघ अगदी आडवी आहे. मी पाणसळ लावून बघितली. हिने मला पाणसळ लावताना बघितलं.

आईला पुढच्या खोलीत आणलं. डॉक्टर पुन्हा येऊन गेले. माझ्याशी बोलले नाहीत, हिच्याशी बोलले.

२८ सप्टेंबर
विचार केला. चूक पन्हळीची नाही, मागच्या कडेची आहे. ती कड पत्र्याला सीलंटने बंद केली की पाण्याला मागे जायला वाव नाही. साधा उपाय.

ही म्हणाली, पत्रेवाल्याला बोलवा, मी हात जोडते. कसा बोलवू? तो येणार, वर बघणार आणि हसणार. आणि मग गल्लीत सांगणार. अठ्ठावीस वर्षं लोक माझ्याकडे वस्तू सरळ करून घ्यायला येतात. हिला हे कळत नाही. म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. हिच्या माहेरच्या म्हणींतही पाणीच.

२९ सप्टेंबर
पाऊस. उद्या सकाळी लवकर चढायचं, अकराच्या आत खोली दाखवायची. आईला शब्द दिला. ती नुसती माझ्या हातावर हात ठेवून बसली. तिचा हात गरम होता. तापामुळे नसावा.

३० सप्टेंबर
सकाळी ८.१०. छपरावर. वर येतोय हे हिला सांगितलेलं नाही, दुकानात चाललो म्हणालो. नाहीतर वाद. मापांची वही खिशात असतेच, म्हणून इथेच लिहितोय. पुढच्या भागाच्या स्लॅबवर पाण्याची टाकी, मागे आईच्या खोलीचा पत्रा. ऊन आहे. तासाभराचं काम.

८.४०. पत्रेवाला खाली आला. शिडी न्यायला. साहेब, साहेब म्हणून तीन हाका मारल्या. मी टाकीमागे बसलो. हो म्हटलं असतं तर तो वर आला असता आणि पन्हळ बघितली असती. ही आतून म्हणाली, ते दुकानात गेलेत, घेऊन जा, सतरा दिवस झाले तुमच्या शिडीला.

८.४५. शिडी गेली.

९.१५. काळजीचं कारण नाही. हाक मारली की ही येईल. पण आत्ता शाळा-ऑफिसची वेळ, गल्ली भरलेली. थोडी वर्दळ कमी होऊ दे.

९.५०. हिला फोन करता येईल. पण काय सांगू?

१०.२०. पाऊस. ट्यूब उघडलेली. सीलंट पत्र्यावरून ओघळून पन्हळीत पडलं आणि तरंगतंय. बघत बसलो.

१०.५०. धाकट्याची गाडी. दहा मिनिटं आधी. लहानपणापासून मला कमीपणा आणायची सवय.

११.०५. खाली माझी शोधाशोध. धाकट्याचा फोन आला. खिशात थरथरला. उचलला नाही. कामात असताना मी फोन उचलत नाही.

११.१५. औषधांचा डबा गाडीत. उशी. तिची ती निळी बॅग, चेन बिघडलेली, दोरीने बांधलेली. ती दोरी बांधायला तिला अर्धा दिवस लागतो, म्हणजे आज भरलेली नाही. आधीच भरून ठेवली होती.

हाक मारावी. आत्ता मारली तर सगळे वर बघतील. घरचा कर्ता, चिंब भिजलेला, स्वतःच्या छपरावर अडकलेला. हात दाखवून अवलक्षण. पण नाही मारली तर ती जाईल.

११.२०. आई आली, हिचा हात धरून. काखेत शालीत गुंडाळलेलं काहीतरी. शालीबाहेर डोकावणाऱ्या कोपऱ्यावरून ओळखलं. तो डावा वरचा कोपरा.

धाकटा म्हणतोय, आई, दादा दुकानातही नाही, त्याला कळतंय तरी का काही, आणखी किती थांबायचं? ती म्हणाली, पाच मिनिटं. फाटकात उभी राहिली, डोक्यावर हिने छत्री धरलेली. पाच मिनिटं झाली. मग तिने मान वर केली. अगदी तशीच, त्या दिवशी पन्हळ बघायला केली होती तशी. टाकीच्या आड मी होतो, पाय बाहेर होते.

आमची नजरानजर झाली. मला वाटलं आता सांगेल. मी पाय आत ओढून घेतले.

ती धाकट्याकडे वळली.

"चल आता. तो कामात आहे."

११.३०. गाडी गेली.

९ ऑक्टोबर
बरेच दिवस लिहिलं नाही. दुकानात गर्दी होती.

त्या दिवशी दीडला पाऊस थांबल्यावर ही कपडे वाळत घालायला मागे आली तेव्हा मी दिसलो. ओरडली नाही, रागावलीही नाही. जाऊन पत्रेवाल्याला शिडीसकट घेऊन आली. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. माझे अकरा हुक काढले, नजरेनेच अंदाज घेऊन पाइपाकडे चार बोटं उतार दिला, चाळीस मिनिटांत संपवलं. आता गल्लीतून जाताना मी वर बघत नाही. वाकडी आहे.

रोज संध्याकाळी आईला फोन करतो. खोकला गेलाय. सकाळी खिडकीत उन्हाला बसते. वडिलांचा फोटो तिथे लावलाय, धाकट्याला नवीन फ्रेम करू दिली नाही. परत कधी येणार म्हणून विचारलं. म्हणाली, बघू. आईचं बघू म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पन्हळ नीट झाली म्हणून सांगितलं. खूप आनंद झाला तिला. दोनदा विचारलं, तू जेवतोस ना वेळेवर?

या आठवड्यात तीनदा जोराचा पाऊस झाला. प्रत्येक वेळी मी आईच्या खोलीत जाऊन भिंतीवर तळहात फिरवला. वाडगा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. एक थेंब नाही. खोली कोरडी ठणठणीत आहे. राहायला कुणी नाही, ती गोष्ट वेगळी.