पाणी कुणीच चोरलं नव्हतं

आई, तुझ्या कादंबरीवर सिनेमा निघतोय. म्हणजे निघाला असता; उद्या मी नकार कळवणार आहे, आणि का ते आधी तुला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

पाण्याच्या कचेरीत तू तक्रारींच्या खिडकीवर असायचीस आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला सोबत न्यायचीस. एक दिवस एक बाई रिकामी कळशी घेऊनच आल्या. त्यांच्या वस्तीचं पाणी कोण चोरतं, त्याचं नाव त्यांना हवं होतं. तू जुनं रजिस्टर काढतेस, ओळींवरून बोट फिरवतेस, पुन्हा फिरवतेस आणि म्हणतेस, "चोरलं कुणीच नाही हो. तुमची पाळीच शेवटची लावलीये, पहिल्यापासून." चोर सापडला असता तर त्या बाईंना बरं वाटलं असतं, हे मला तेव्हाही कळलं. त्याच वर्षी ओट्याशी उभ्या उभ्या तू चंद्रावरच्या वस्तीची कादंबरी लिहायला घेतलीस. तिथेही पाणी पाळीनेच, शेवटची घरं तहानलेली, आणि दोष कुणा एकाचा नाही. कॉलेजात गेल्यावर मी शहाणपणा शिकवला, की एखादा खलनायक तरी घाल. भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "तो मेला की वाचणारा झोपायला मोकळा."

परवा कोथरूडच्या ऑफिसात दिग्दर्शकाने आम्हा पाचसहा जणांना पटकथा वाचून दाखवली. माणूस तरुण आहे, हुशार आहे. तुझी कादंबरी त्याने माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचली आहे. पण पटकथेत एक पाणीचोर आलाय. टाकीवर मारामारी होते, तो खाली पडतो आणि घरोघरी नळ वाहू लागतात. पाळ्यांचा तक्ता भिंतीवर जसाच्या तसा राहतो. मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, टाइमटेबलला कोण मारणार? ऑडियन्सला माणूस लागतो." पुस्तकाचा सिनेमा होताना बरंच काही गळणार, त्यावर मी वाद घातला नाही. चंद्राचा मंगळ करा, शेवट बदला, गाणीसुद्धा घाला. पण चोर घातला की खिडकीवरच्या त्या बाईंना तू खोटं उत्तर दिलंस असं होतं. ते मी होऊ देणार नाही, मग सिनेमा नाही झाला तरी चालेल.

हे पत्र वहीतच राहील, टाकणार तरी कुठे. पण एक कबूल करते. दिग्दर्शक वाचत होता आणि तो चोर टाकीवरून पडला, तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी मी वाजवली.