एका दाराचे कपाट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कातड्यावर लाकडाच्या रेघा उठवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. घरातल्या कपाटाचे दार कशाचे आहे हे विचारले असते, तर दाखला मिळाला नसता.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागचा कारखाना, माझ्या भाचीला, थोरल्या भावाच्या मुलीला, मिळावे. तिचे वडील आणि मी एकवीस वर्षे बोलत नाही. ती मात्र दर रविवारी येते आणि इथे येऊन गेल्याचे घरी सांगते. लपवाछपवी न करणारे आमच्या घराण्यात तेवढे एकच माणूस निघाले. छपराचे गळणे तिला घरासोबतच मिळेल, त्याला माझा इलाज नाही.

कलम दोन. बँकेत माझ्या औषधपाण्यातून काही उरल्यास तेही तिचेच.

कलम तीन. फण्या, सुऱ्या, ताणायच्या फळ्या आणि मेणाचे डबे भाचीला. हिराकसाची बरणी तिने हातमोजे घालूनच उघडावी. मी कधी घातले नाहीत. ओले कातडे तिरके धरून त्यावर हिराकसाचे पाणी सोडले, की ते वाहील तशी काळी रेघ उठते. ती फणीने लांबवायची आणि लाकडाची गाठ हवी तिथे अंगठा दाबून धरायचा. चाळीस वर्षे दाबला. आता माझ्या बोटांना गार-गरमसुद्धा उशिरा कळते, मग लाकूड की कातडे हे कुठून कळणार?

कलम चार. पुढच्या खोलीतले कपाट. याला मुळात दोन दारे होती. दादा, म्हणजे भाचीचे वडील, सुतार. एक दार त्याने अस्सल लाकडाचे केले आणि दुसरे मी साध्या फळीवर कातडे चढवून, दोन्ही बाजूंनी, कडांसकट. गिऱ्हाइकाला फरक कळता कामा नये अशी पैज होती, आणि तो कळत नव्हता. पुढे रंगाऱ्याने मागची भिंत रंगवताना दारे उतरवली आणि परत बसवली ती आपल्या मनाने. डावे-उजवे कोणी पाहिले नाही. आम्ही दोघे शहाणे तेव्हा जेवायला बसलो होतो.

मग एक गिऱ्हाईक आले आणि म्हणाले, "यातलं खोटं कोणतं?" खोटं हा शब्द मला झोंबला. मी उजव्या दारावर हात ठेवला. "हे माझं."

दादा मोठ्याने हसला. "अगं, ते माझं! स्वतःचं काम ओळखू येत नाही तुला?"

परक्या माणसासमोर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझं ना? मग घेऊन जा, आणि परत तोंड दाखवू नकोस," असे मी म्हणाले. त्याने पेचकस काढला, उजवे दार उतरवले आणि खांद्यावर टाकून निघून गेला.

तेव्हापासून मी साऱ्या गल्लीला सांगत आले, की सख्ख्या भावाने माझे दार पळवले. खरे सांगायचे तर माझी मलाच खात्री नव्हती. मागे राहिलेले दार सकाळी लाकडाचे वाटे, दुपारी माझे. लाकडाला तेल पाजतात आणि कातड्याला मेण लावतात. मी या दाराला एकवीस वर्षांत काहीच लावले नाही, कारण काय लावावे हेच ठरेना. सुरीने कोपरा खरवडला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण कातडे निघाले तर मी खोटी, लाकूड निघाले तर तो खोटा, आणि मला दोन्हीची भीती वाटली. म्हणून लिहिते, की कोपरा मी गेल्यावर खरवडावा. कातडे निघाल्यास दार भाचीला, लाकूड निघाल्यास दादाला परत.

वकिलांनी इथवर वाचून दाखवले तेव्हा कालच्या रविवारपासून राहिलेली भाची, दाराआडून सगळे ऐकत, चहा घेऊन आत आली.

"आत्या, कोपरा कशाला खरवडायचा? बाबा तर त्यांच्याकडच्या दाराला मेण लावतात."

"मेण? तेल म्हणायचंय का तुला?"

"मेणच. नेलं त्या दिवशी तेल लावायला घेतलं होतं, तर हा एवढा डाग पडला. अजून आहे. तेव्हापासून दर महिन्याला मेण, तेही स्वतः. आम्हाला हात लावू देत नाहीत."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला काय माहीत? दार कशाने पुसतात ते कोण कोणाला सांगत बसतं?"

वकील म्हणाले, "बाई, म्हणजे तुम्ही जिंकलात की!"

जिंकले खरी. ज्याचा जन्म लाकडात गेला त्या सुताराला माझे कातडे लाकूड वाटले, याहून मोठी पावती मला कोण देणार? आणि चूक कळल्यावर हा माणूस शरमेने गप्प बसला आणि एकवीस वर्षे माझे काम जपत राहिला. रागवावे की हसावे, कळत नव्हते. मला रडू आले. ते कागदावर नको, असे वकील म्हणत होते, मी लिहायला लावले.

सबब कलम चार रद्द. पान बदलू नये, खाडाखोड तशीच ठेवावी. त्याऐवजी असे:

माझ्या कपाटाला आज जे दार आहे ते दादाचे आहे. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही, ती जिवंतपणी परत करावी लागते. दुपारी हातगाडी सांगितली आहे. मी सोबत जाणार आहे.

दादाकडचे दार माझे आहे. ते मी दादाला देते, आणि त्याने ते खांद्यावर टाकून नेले त्या दिवसापासूनच दिले होते असे समजावे. चोरी झाली असे म्हणण्याचा हक्क यापुढे कोणालाही, मलासुद्धा, नाही.

वकील म्हणतात, असे मागच्या तारखेने देता येत नाही. मी म्हटले, "तुम्ही लिहा. दार माझं आहे आणि भाऊही माझाच आहे."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

सही: सुताराची धाकटी बहीण

आमच्या दोघांच्या देखत सही झाली. भाचीला मिळकत मिळणार असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.
साक्षीदार १: शेजारचे शिंपी
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर

ठिकाण: माझा कारखाना
दिनांक: ९ मार्च, सोमवार, हातगाडी येण्याआधी