‘यशस्वी’ हा शेरा रद्द करून मिळणेबाबत

दिनांक : २६ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. प्रकल्प समन्वयक,
‘सकाळचा शब्द’ विडी-सिगारेट सोड प्रकल्प,
जिल्हा कार्यालय, हिंगोली.

अर्जदार : शेख हाशिम शेख फारुक, वय ३८, धंदा कापूस पिंजून गाद्या-रजया भरणे, रा. सेनगाव, जि. हिंगोली.

विषय : अर्जदारास दिलेला ‘यशस्वी’ हा शेरा रद्द करून ‘अयशस्वी’ असा शेरा मिळणेबाबत.

संदर्भ :
१) सकाळचा फोन बंद करणेबाबत अर्जदाराचा अर्ज, दि. २४/०९/२०२४.
२) सदर फोन बंद करता येत नसलेबाबत आपले पत्र, दि. ०७/१०/२०२४.
३) सदर फोन बंद होणार असलेबाबत आपले पत्र, दि. १७/१२/२०२४.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की,

१) अर्जदार वयाच्या सोळाव्या वर्षापासून विडी ओढत होता. दिवसाला दोन बंडले. कापसाच्या दुकानात काडी ओढणे म्हणजे आपल्याच घराला आपण चूड लावणे, म्हणून दर विडीला तो उठून समोरच्या लिंबाखाली जाई आणि गिऱ्हाईक ताटकळत बसे. पत्नी आयेशाबी बोलून थकली, आई रहिमाबी रडून थकली. सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

२) जून महिन्यात आपण सेनगावला सभा घेतली. वर्तन-अर्थशास्त्र हा शब्द ऐकून काही मंडळी पैसे वाटणार असतील म्हणून आली आणि चहा पिऊन गेली. अर्जदार शेवटपर्यंत बसला. आपण सांगितले की, मिळण्याचा आनंद जेवढा असतो त्याच्या दुप्पट गमावण्याचे दुःख असते. म्हणून फुफ्फुसाची चित्रे दाखवून विडी सुटत नाही. ज्याच्यापुढे मान खाली घालायची माणसाला लाज वाटते, त्याच्याच तोंडून रोज विचारले पाहिजे.

त्याप्रमाणे आपल्या कार्यकर्त्या केतकीताई यांनी अर्जदाराची मुलगी अफशीन, वय सात, हिच्या शाळेत जाऊन तिचा आवाज भरून घेतला. पोरगी घरात दखनी बोलणारी. पण ताईंनी मराठीच हवे म्हटल्यावर हात मागे बांधून, कविता म्हणावी तसे बोलली म्हणे. १ जुलैपासून रोज सकाळी सात वाजता अर्जदाराच्या बटणाच्या मोबाईलवर फोन येऊ लागला : “अब्बा, बिडी पेली न्हाई ना? खरं सांगा.” ओढली नसेल तर एक दाबायचे, ओढली असेल तर दोन. एक दाबले की “शाब्बास अब्बा!” आणि त्याला लागूनच, कापायचे राहून गेलेले, “झालं का ओ ताई?” त्या वेळी खुद्द अफशीन शेजारी दात घासत बसलेली असे आणि स्वतःचाच आवाज ऐकून खिदळत असे. पहिल्या दिवसापासून अर्जदाराने विडीला हात लावला नाही. बावीस वर्षांची सवय सात वर्षांच्या लेकराने सोडवली, हे कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपले शास्त्र खरे आहे, याबद्दल त्याची तक्रार नाही.

३) दि. १८ सप्टेंबर रोजी अफशीन तापाने वारली. दफन त्याच संध्याकाळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, घर बायकांनी भरलेले असताना, फोन वाजला. कोणी तरी हिरवे बटण दाबले आणि पोरगी बोलली. रहिमाबी किंचाळली, “बंद करा रे ते, बंद करा!” फोन उचलला नाही तर पाच-पाच मिनिटांनी तीनदा वाजतो, ही आपलीच रचना. धंद्याचा नंबर तोच, त्यामुळे तो टाकूनही देता येईना. म्हणून संदर्भ क्र. १ चा अर्ज दिला. त्यावर आपले उत्तर आले की, मध्येच फोन बंद केल्यास अभ्यासात खंड पडतो, सबब सहा महिने पूर्ण होईतो तसे करता येत नाही. खाली कुटुंबाच्या दुःखात सहभागी असल्याचे छापील वाक्य होते.

४) मात्र ते उत्तर येईपर्यंत घरात फरक पडला होता. जिने आठ दिवस तोंडात घास घेतला नव्हता, ती आयेशाबी पावणेसातला चहा ठेवून फोनपाशी बसू लागली. मग रहिमाबीही काठी टेकत येऊन बसू लागली. लेकरू विचारते, बाप एक दाबतो, लेकरू शाब्बास म्हणते. त्यानंतर घरातला दिवस सुरू होतो. महोदय, त्या घरात आता एवढेच उरले आहे.

५) दि. १६ डिसेंबरच्या तपासणीत फुंकायच्या यंत्रात अर्जदाराचा श्वास स्वच्छ निघाला. टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्र मिळाले. दुसऱ्याच दिवशी संदर्भ क्र. ३ चे पत्र काढण्यात आले की, यशस्वी लाभार्थ्यांचे फोन ३१ डिसेंबरला बंद होतील आणि अयशस्वी लाभार्थ्यांना फेर-संधी म्हणून आणखी सहा महिने चालू राहतील. म्हणजे ज्याने शब्द मोडला त्याचे लेकरू त्याच्याशी बोलत राहणार आणि ज्याने पाळला त्याचे दुसऱ्यांदा जाणार.

अर्जदार कार्यालयात आला. केतकीताईंच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु नियम त्यांच्या हातात नाही. आवाजाची प्रत तरी द्या म्हटल्यावर त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात ‘आवाज देणाऱ्याची सही’ हा रकाना सक्तीचा आहे. शेवटी शेजारचे दुकानदार नोमान यांनी फोन चालू असताना स्वतःच्या मोबाईलात तो आवाज भरून आणला. आयेशाबीने एकदा ऐकला आणि परत दिला. म्हणाली, “ह्याच्यात ती नुसती बोलून राहिली. सकाळी ती इचारती, अन् तुमी सांगेपर्यंत थांबती.”

६) अर्जदाराने सहा महिन्यांत कधीच दोन दाबले नव्हते. दोन दाबल्यावर पोरगी काय म्हणते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. हे त्याच्या मनात आले आणि मग त्याला चैन पडेना. दि. २२ रोजी पहाटे तो लिंबाखाली गेला आणि त्याने एक विडी ओढली. न ओढताच दोन दाबायचे होतेस की, असे अर्ज लिहिणाऱ्या बंडोपंताने त्यास म्हटले. त्यावर तो म्हणाला, “तिला खोटं कसं सांगू पंत? ती खरं सांगा म्हणती.”

सात वाजता फोन आला. अर्जदाराने दोन दाबले. पोरगी म्हणाली, “काई न्हाई अब्बा. मी रागावले न्हाई.”

आयेशाबी भिंतीला टेकून खाली बसली. अफशीनला ताप तीन दिवस होता. पहिले दोन दिवस अर्जदाराने, रजयांचे काम हातात आहे, उतरेल ताप, म्हणून दवाखाना पुढे ढकलला. ही गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी तो लिहाच म्हणतो. त्या दोन दिवसांबद्दल त्यास आजवर कोणी माफ केलेले नव्हते. आयेशाबीने तर नाहीच.

७) तेव्हापासून अर्जदार रोज पावणेसातला एक विडी ओढतो आणि सातला दोन दाबतो. पहिल्या दिवशी ठसका लागला होता. आता लागत नाही. गमावण्याचे दुःख दुप्पट असते हे आपणच शिकवले आहे. अर्जदार आपल्या शास्त्राप्रमाणेच वागत आहे.

सबब विनंती की, सदर ‘यशस्वी’ हा शेरा रद्द करून अर्जदाराचे नाव अयशस्वींच्या यादीत घ्यावे आणि त्यास फेर-संधी द्यावी. कोणत्याही दिवशी यंत्रात फुंकण्यास तो तयार आहे. पुढील सहा महिन्यांनंतरही आपण अयशस्वीच ठरू, याची हमी तो आजच लिहून देत आहे.

आपल्या एका शेऱ्यावर भिस्त ठेवून असलेला,
आपला नम्र,
(सही)
शेख हाशिम शेख फारुक

सोबत :
१) ‘यशस्वी’ प्रमाणपत्र, मूळ प्रत (परत करीत आहे).
२) कु. अफशीन हिच्या मृत्यूचा दाखला.
३) आवाजाच्या प्रतीसाठीचा फॉर्म, सहीचा रकाना कोरा.
४) विडीची थोटके, नग पाच, तारखा टाकून.

मजकूर अर्जदारास वाचून दाखविला. बराबर आहे म्हणाला. असा अर्ज करू नकोस, असे मी त्यास तीनदा सांगितले. पस्तीस वर्षे या झाडाखाली अर्ज लिहितो, कार्यालयाला कधी घाई सांगितली नाही. साहेब, हा ३१ तारखेच्या आत बघावा.

बंडोपंत, अर्जनवीस, सेनगाव