रिकाम्या हाताचे रोगी

चांदा,
ता. १४ मार्च १९५८

तीर्थरूप गुणवंतभाऊले इंदूचा नमस्कार.

इथी सारं खुशाल आहे. वहिनीच्या गुडघ्याले आराम पडला काय? लोणचं पोचलं. बोलीतच लिहून राह्यली, राग मानू नका. पुस्तकी मराठी सारी त्या अहवालात खर्च झाली.

तुमचं पत्र भेटलं. “एवढी एक ओळ खोडून टाक, भावाची लाज राख.” वाचून मी हसली, मंग रडली, मंग चहा करून पेली.

नाई खोडत, भाऊ. मी तुमाले आधी कळवली तशीच राहीन ती ओळ: ‘दवाखाना नावाला मोफत, प्रत्यक्षात फी एक कोंबडी.’

सरकारनं मले ठेवलं तेच याच्यासाठी, का दवाखान्यात लोकायले खर्च काय पडते अन् इलाज कसा भेटते, ते गावोगावी पुसून ये. तुमच्या दवाखान्याच्या दारावर ‘फुकट’ लिहिलं आहे. तुम्ही कोणाले कवडी मांगतली नाई, तेही खरं. पण वैद्याच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये, हे आपल्या इकडचं लेकरू बी जाणते. लोकं कोंबडी घेऊन आले, तुम्ही “प्रेमानं आणली” म्हणून ठेवून घेतली. कोंबडीवाला पहिले आत जाते अन् बाकीचे उन्हात बसून राह्यतात, हे तुमाले दिसलंच नाई.

दिवाळीनंतर कोंबड्यायले मरी आली. गावंच्या गावंच्या कोंबड्या साफ झाल्या. तवाच तुमच्याकडचे रोगी कमी झाले, अन् तुम्ही वर कळवलं का इलाक्याची तब्येत सुधारली! वा रे भाऊ! कायची तब्येत? लोकं घरी कण्हत पडले होते.

मी ऐकीव सांगून नाई राह्यली. तुमच्याच इलाक्यातल्या एका सुकलूच्या अंगणात बसून आली. त्याची बायको तापानं फणफणली अन् हा बाप्पा गावभर कोंबडी उसनी मांगत फिरला. दुसऱ्या गावाहून घेऊन आला, तवा ती गेली होती. मी ओरडली त्याच्यावर, “तिले तसंच काऊन नाई नेलं?” तो म्हणे, “बाई, डॉक्टर देवमाणूस. त्याच्याकडं रिकामा कसा जाऊ?”

वहिनीनं मांगच्या पत्रात पुसलं होतं, मंगली काऊन येत नाई म्हणून. वहिनी आजारी असताना तुमच्या तान्ह्या शालूले अंगावर पाजणारी मंगली. तीच सुकलूची बायको, भाऊ. वहिनीले आता तुम्हीच सांगा. माझ्यानं नाई होत.

तुमची बढती अडकन, मले मालूम आहे. तुम्ही मले शिकवलं, तेही विसरली नाई. उपकार फेडायले माझा पगार घ्या, ती ओळ नाई भेटत. अहवाल कालच नागपूरले गेला, ओळीसकट.

येत्या बाजाराच्या दिवशी मी तिकडं येऊन राह्यली. कोतवालाले दवंडी पिटायले सांगितली आहे: दवाखान्यात रिकाम्या हातानं या. दाराशी मीच उभी राहीन. कोणी कोंबडी आणली तर तिच्यासकट घरी धाडीन अन् त्याले म्हणीन, कोंबडी ठेवून परत ये. तुम्ही घेतली, तर भर बाजारात तुमचं नाव घेऊन बोलीन. बोभाटा झाला तर होऊ द्या.

सुकलूचा खोकला सुटत नाई. त्याले मी बोलावलं आहे. तो दोन्ही हात मोकळे घेऊन येईन, अन् तुम्ही सर्वायच्या देखत बाहेर येऊन त्याले आत न्यायचं. नेलं, तर मी तुमची बहीण. नाई नेलं, तर निस्ती सरकारी बाई. तोवर सहीपुढं नातं लिहीत नाई.

इंदू