पाच वाजताचा पारा

प्रिय बाबा,

फोनवर बोलले असते, पण तुम्ही दोनदा ‘हो हो’ म्हणून फोन आईच्या हातात देता. म्हणून पत्र. आईला वाचून दाखवा, पण आधी एकट्याने वाचा.

मी बरी आहे. खोलीच्या खिडकीला अखेर काच बसली. कार्यालयात आता मला स्वतःचं टेबल आहे, त्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी जुना अहवाल घडी करून घातलाय. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, चला, त्या अहवालाचा कुणाला तरी उपयोग झाला.

काम असं आहे. दोन जागांची पन्नास वर्षांची तापमानं शेजारी ठेवायची आणि कुठे किती बदललं ते सांगायचं. एक जागा पार उत्तरेला, बर्फाळ समुद्रावरचं बंदर. दुसरी आपलं गाव. गावच्या नोंदवह्यांचा गठ्ठा सोडला आणि वरच्याच वहीत तुमचं अक्षर. पाणीपुरवठ्याच्या पंपावरची, तापमापक ठेवलेली ती पांढरी झरोक्यांची पेटी डोळ्यांसमोर आली. तुम्ही मला उचलून धरायचात आणि सांगायचात, दिवसभरात पारा चढेल तिथेच थांबतो, आपण आकडा लिहायचा आणि मग त्याला झटकून खाली आणायचं. बंदरावरच्या बऱ्याचशा नोंदी एका दीपगृहवालीच्या आहेत. बाई भारी आहे. ‘आज वीस मिनिटं उशीर, गुडघा दुखत होता’ असंसुद्धा लिहून ठेवते. मला तिचा गुडघा पाठ झालाय.

बंदर पन्नास वर्षांत जवळजवळ दीड अंशाने तापलं. आपलं गाव जेमतेम पाव अंश. सगळे खूश झाले. हा तक्ता शुक्रवारी समितीपुढे जाणार आहे, आणि उघड्यावर काम करणाऱ्यांना उन्हाळ्यात दुपारी जी तीन तासांची सुट्टी मिळते ती ठेवायची की काढायची, हे त्यावरून ठरेल. गाव तापलंच नाही तर सुट्टी कशाला, असं म्हणणारे तयारच बसलेत. दादा डांबराच्या कामावर आहे. गेल्या वर्षी तो चक्कर येऊन पडला तेव्हा तुम्हीच त्याच्या डोक्यावर बादली ओतली होती, आणि तो शुद्धीवर येऊन म्हणाला होता, बाबा, शर्ट नवा आहे हो.

मला तो पाव अंश पटेना. मी वर्ष वर्ष सुटं केलं. गाव हळूहळू तापतंय, तापतंय, आणि मध्येच एका महिन्यात अर्ध्याहून जास्त अंशाने खाली येतं. मग पुन्हा चढायला लागतं. त्या महिन्यापासून आणखी एक गंमत दिसते. रात्री घरी जेवायच्या आधी तुम्ही वहीत शेरा लिहायचात, ‘आज ऊन सोसवेना’. तो शेरा मंगळवारी असला, तर सगळ्यात मोठा आकडा बुधवारच्या ओळीत. दर वेळी एक दिवस उशिरा. म्हणजे आकडा संध्याकाळी पाचला घेतलेला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलाय. वेळेच्या रकान्यात मात्र पाचच आहे, कारण तो छापूनच आलेला.

तो महिना कुठला ते मला शोधावं लागलं नाही. मी पुलापलीकडच्या शाळेत जायला लागले तो. सकाळी मला सायकलवरून सोडून तुम्ही पंपावर जायचात, आणि पाचला फाटकाशी उभे असायचात. एकही दिवस चुकला नाही. पारा वाट बघेल, पोरगी कशाला ताटकळेल, असा तुमचा हिशोब असणार.

बाबा, तुमचे सकाळचे आकडे चुकीचे नाहीत. उलट ते जास्त खरे आहेत. पाचला पारा उतरवला तर हवा अजून गरम असते, तो लगेच परत चढतो. दुसरा दिवस गार असला तरी आदल्या दिवसाचं ऊन त्याच्या खात्यात पडतं. तुम्ही सकाळी वाचायला लागलात आणि ते थांबलं. पण वेळ बदलली हे कुठेच लिहिलं नाही, म्हणून गाव थंड झाल्यासारखं दिसतं. फरक काढून टाकला तर आपणही जवळपास एक अंश तापलोय. बंदराइतकं नाही, पण दादाला पाडायला पुरेसं.

मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं, नोंदी घेणारे निरीक्षक माझे वडील आहेत हेही. त्या म्हणाल्या, शेऱ्यांवरून अंदाज झाला, पण सरकारी नोंदीला हात लावायचा तर नोंद करणाऱ्याचं लेखी हवं. आई मला सांगत असते की ‘पंचवीस वर्षं अचूक’ हे प्रशस्तिपत्र तुम्ही रोज पुसता. मी काय मागतेय ते मला कळतंय. घरात पहिली शिकलेली मी, आणि पहिल्यांदा तपासायला घेतली ती तुमचीच वही. म्हणूनच हे पत्र. एका कागदावर लिहा की अमुक महिन्यापासून मी वाचन सकाळी साडेसातला घेत होतो, आणि कारणही लिहा. मुलीची शाळा, एवढंच. खाली पूर्ण सही करा आणि उद्याच पाठवा. नाही आलं तरी शुक्रवारी मी समितीपुढे उभी राहणारच. फक्त तेव्हा मला सांगावं लागेल की निरीक्षकांनी उत्तर दिलं नाही. ते वाक्य मला तुमच्याबद्दल बोलायचं नाही.

तुमचीच,
भिंगरी